साठ मायक्रॉनची कातडी

पहाटे ४.३०

वैशाखातल्या अकोल्यात काम करावं अशी वेळ ही. उजाडायच्या आत शेडवर पोचलं की अकरापर्यंत साडेसहा तास हातात पडतात. त्यानंतर टिनाखाली, शेजारी दोनशे अंशांचा ओव्हन चालू असताना, माणसाला उभं करणं मला पटत नाही. म्हणून होळीपासून मृगापर्यंत आमची पहिली पाळी पहाटेची आणि दुसरी ऊन उतरल्यावरची.

माझं काम पावडर कोटिंगचं. एमआयडीसीत लहानशी शेड आहे. सात टाक्या, एक बूथ, एक ओव्हन, पाच माणसं. वर्षभर गेट, ग्रिल, सोलर पंपाचे स्टँड, दालमिलच्या मशिनींचे पत्रे असं काहीबाही येत राहतं. सीझनला मात्र कूलरशिवाय दुसरं काही नाही. वऱ्हाडात मार्च लागला की घरोघरी कूलर बाहेर निघतो, वाळ्याच्या ताट्या बदलतात, आणि ज्याचा तळ सडला त्याला नवी बॉडी लागते.

तळ सडतो तो पाण्याने. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला. बोअरचं पाणी कूलरमध्ये दिवसभर फिरतं आणि उडून जातं, मीठ तेवढं मागे राहतं. एकाच पत्र्याला बाहेरून ऊन खातं, आतून मीठ खातं, आणि दोघांच्या मधे आमचा साठ ते ऐंशी मायक्रॉनचा थर. माणसाच्या केसाची जाडी साधारण तेवढीच.

चौदा वर्षं झाली या धंद्याला. बीएस्सीला भौतिकशास्त्र होतं, ते काही सुटलं नाही. रात्री वाचत बसतो ते बहुतेक अवकाशयानांच्या रंगांबद्दल, मुलाम्यांबद्दल. लोकांना वाटतं हा याचा छंद आहे. माझ्या लेखी तो माझ्याच धंद्याचा अभ्यास आहे. कूलर असो की उपग्रह, तो किती दिवस टिकेल ते त्याच्या कातडीवर ठरतं, आणि कातडी किती टिकेल ते तिच्या खाली काय केलं त्यावर.

५.१५

टाक्यांवर काका आहेत. साठी उलटली, पण पत्रा त्यांच्या हातून गेला की मी निर्धास्त असतो. आधी डिग्रीसिंग, मग पाणी, डीरस्टिंग, पुन्हा पाणी, फॉस्फेटिंग, पुन्हा पाणी, शेवटी पॅसिव्हेशन. नवीन पोराला वाटतं की खरं काम पावडर फवारणाऱ्या गनचं. रंग चढतो तो तिथे, हे खरं. पण रंग टिकतो तो इथे.

काकांची परीक्षा एकच. डिग्रीसिंगनंतर पाण्यातून पत्रा उभा बाहेर काढायचा आणि विजेच्या दिव्याखाली धरायचा. पत्रा साफ असेल तर त्यावर पाण्याचा एकसंध पडदा राहतो, काचेसारखा. कुठे बोटाएवढा जरी तेलाचा डाग उरला असेल तर तिथे पडदा फाटतो, पाणी मागे सरकतं, कडेला थेंब जमतात.

"पाय, इथी फुटून राह्यलं पाणी," काका पोराला दाखवतात. "पुन्यांदा टाक."

पोरगा कुरकुरतो, पण टाकतो. त्याच्याच अंगठ्याचा ठसा होता तो. हात न धुता पत्रा धरला होता.

हवा नसलेल्या ठिकाणी असा ठसा किती महागात पडतो ते वाचल्यापासून मी या टाकीजवळ जरा जास्तच रेंगाळतो. निर्वातात तेल, गोंद, रबर, प्लास्टिक यांच्यातले हलके रेणू सुटून बाहेर पडतात आणि आसपास जी वस्तू थंड असेल तिच्यावर जाऊन बसतात. थंड वस्तू म्हणजे बहुतेक वेळा कॅमेऱ्याची काच. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या नव्या कारची पुढची काच आतून धुरकट होते, तोच हा प्रकार. शनीकडे निघालेल्या कॅसिनी यानाच्या कॅमेऱ्यावर २००१ साली असाच धुरकटपणा आला. दुरुस्तीला तिथे कोण जाणार? कॅमेरा पुन्हापुन्हा तापवून तो थर उडवावा लागला.

म्हणून यानावर जाणारा प्रत्येक गोंद आणि प्रत्येक रंग आधी जमिनीवरच निर्वातात तापवून बघतात. १२५ अंश, २४ तास. वजन एक टक्क्याहून जास्त घटता कामा नये, आणि शेजारच्या थंड पट्टीवर जमलेला थर ०.१ टक्क्याच्या वर जाता कामा नये. ही चाळणी मला फार आवडते. रंग चांगला दिसतो का, हे ती विचारतच नाही. रंगातून काय सुटून जातं एवढंच विचारते.

७.००

गन सुरू. पावडरचा कण गनच्या टोकाशी साठ-सत्तर हजार व्होल्टवर भारला जातो, हँगरमार्फत अर्थिंग दिलेला जॉब त्याला ओढून घेतो. पाठीमागच्या बाजूलाही पावडर वळून बसते, ते बघायला अजूनही छान वाटतं. मग ओव्हन. जॉबचा पत्रा स्वतः दोनशे अंशांना पोचला की तिथून दहा मिनिटं. पावडर वितळते, वाहते, आणि तिच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंतून कायमच्या घट्ट होतात.

आठच्या सुमाराला पहिली खेप बाहेर आली. गन चालवणारा पोरगा विशीचा आहे, हात चांगला, नजर त्याहून चांगली. एका बॉडीच्या तळाजवळ त्यालाच दिसलं.

"दादा, एक बारीक भोक हाय. सुईच्या टोकाएवढं. दिसत बी नाई."

पिनहोल. मी बॉडी बाजूला काढायला सांगितली.

"एवढ्यासाठी पुरी बॉडी काहून उतरवाची? बाकी तर मस्त बसला ना रंग."

हे त्याला नीट सांगायला हवं होतं, म्हणून चहा होईपर्यंत सांगितलं.

जमिनीपासून चारशे किलोमीटरवर हवा जवळजवळ नाही, पण अगदीच नाही असंही नाही. जी आहे तिच्यात मोठा वाटा सुट्या ऑक्सिजनचा. खाली ऑक्सिजनचे अणू जोडीने राहतात. वर सूर्याचे अतिनील किरण त्यांची जोडी फोडतात, आणि एकटा पडलेला ऑक्सिजन कशालाही चिकटायला टपलेला असतो. त्यात यान सेकंदाला पावणेआठ किलोमीटरने धावतं. म्हणजे तो अणू यानावर नुसता बसत नाही, आदळतो. यानाचं तोंड ज्या दिशेला, तिकडची बाजू दिवसरात्र या माऱ्याखाली. कॅप्टॉन नावाचं जे पिवळसर प्लास्टिक यानांवर सगळीकडे वापरतात, ते या माऱ्याने झिजत जातं. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या अगदी पहिल्या फेऱ्यांत, १९८१-८२ सालीच, कॅमेऱ्याभोवतीच्या कॅप्टॉनची चकाकी अवघ्या काही दिवसांत गेलेली दिसली आणि तेव्हा सगळे जागे झाले. आपल्याकडे पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातही प्लाझ्मातून असा सुटा ऑक्सिजन तयार करून कॅप्टॉनवर त्याचा परिणाम अभ्यासला गेला आहे.

उपाय असा की प्लास्टिकवर ऑक्साइडचा पातळ थर द्यायचा, बहुतेक वेळा सिलिकॉनच्या ऑक्साइडचा. ऑक्साइड म्हणजे आधीच ऑक्सिजन पिऊन बसलेली वस्तू. चुलीतली राख काही पुन्हा पेटत नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या सोलर पंखांच्या कापडावर असाच थर आहे, आणि तो मायक्रॉनच्याही सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा पातळ आहे.

"मंग झालं ना," पोरगा म्हणाला.

नाही झालं. त्या थराला एक जरी भोक असलं तरी ऑक्सिजन त्यातून आत शिरतो. भोक मोठं होत नाही, वरचा थर जिथल्या तिथे शाबूत राहतो. ऑक्सिजन खालचं प्लास्टिक आडवं खात जातो. वरून बघणाऱ्याला सुईचं टोक दिसतं आणि खाली पोकळी झालेली असते. मग एक दिवस आधार नसलेला वरचा थर फाटतो. आपल्या कूलरच्या तळाला हेच होतं. खारं पाणी पिनहोलमधून शिरतं, गंज रंगाखालून पसरतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं की कालपर्यंत तर चांगला होता.

पोरगा बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिला. मग स्वतःच बॉडी उतरवली आणि घासायला नेली. चहा निवून गेला.

११.००

ओव्हन बंद. माणसं घरी.

दुपारी १२.००

मी मात्र घरी जाण्याआधी शेडमागच्या खोलीच्या गच्चीवर जातो. रुमाल ओला करून डोक्याला बांधायचा, पायात चप्पल पाहिजेच, आणि दहा मिनिटांच्या वर थांबायचं नाही.

गच्चीवर अँगलचा घोडा आहे. पंचेचाळीस अंशांत कललेला, तोंड दक्षिणेला. त्यावर तळहाताएवढ्या बावीस पट्ट्या टांगल्या आहेत. प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग पत्र्याच्या टोपणाने झाकलेला, अर्धा उघडा. मागच्या बाजूला नंबर आणि तारीख कोरलेली. जगात जिथे जिथे रंगांची पारख उन्हात करतात तिथे साधारण अशीच मांडणी असते. माझ्या प्रयोगाला कुणाची मान्यता नाही, पण ज्या उन्हात माझा माल जाणार त्याच उन्हाची ही परीक्षा आहे.

आज पारा पंचेचाळीसच्या वर आहे. उष्णतेचा अंगाला त्रास होतो, पण रंगाला मारते ती उष्णता नव्हे. ती मदत करते, मारतात अतिनील किरण. रंगाला धरून ठेवणारं जे राळेसारखं द्रव्य असतं त्यात कार्बनच्या साखळ्या असतात. त्यातला साधा कार्बन-कार्बन बंध तोडायला सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा पुरते, आणि ३०० नॅनोमीटरच्या किरणाच्या एका कणात चारपेक्षा जास्त असते. आपल्या नशिबाने ओझोन त्याच्या खालचे किरण जमिनीवर पोचू देत नाही. वरती ओझोनचं छत्र नाही. तिथे दोनशे नॅनोमीटरच्याही खालचे किरण थेट येतात, आणि चौरस मीटरवर पडणारं ऊनही १,३६१ वॅट, आपल्या भर दुपारच्या सुमारे हजाराच्या तुलनेत.

हे ऊन नुसतं काय करतं आणि ऊन व ऑक्सिजन मिळून काय करतात, याचं माझ्या पाहण्यातलं सर्वांत चांगलं उदाहरण एलडेफ नावाच्या उपग्रहाचं आहे. एसटी बसएवढा हा सांगाडा एप्रिल १९८४ मध्ये चॅलेंजर शटलने वर सोडला. त्यावर ५७ प्रयोग होते, सगळे एकाच प्रश्नाचे: कोणतं द्रव्य वर किती टिकतं? वर्षभराने परत आणायचा बेत होता. मधे चॅलेंजरचाच भीषण अपघात झाला, उड्डाणं थांबली, आणि एलडेफ पावणेसहा वर्षं फिरत राहिला. जानेवारी १९९० मध्ये कोलंबिया शटलने तो उतरवून आणला. इतकी वर्षं त्याने आपली एकच बाजू पुढे ठेवली होती. त्या बाजूला कॅप्टॉनची झीज हिशेबाने पाव मिलिमीटरहून जास्त भरते. पातळ पट्ट्या तिथे उरल्याच नाहीत.

त्यावर पांढऱ्या पॉलियुरेथेन रंगाचे ठिपके होते. मागच्या बाजूचे ठिपके तपकिरी पडले, आणि पुढच्या, जास्त मार खाणाऱ्या बाजूचे पांढरेच्या पांढरे राहिले. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन पानं उलटी लागली असावीत असं वाटलं. उलगडा असा की उन्हाने दोन्हीकडची राळ करपली होती. मागे ती करपलेलीच राहिली. पुढे सुट्या ऑक्सिजनने ती खाऊन टाकली आणि रंगातला पांढरा कण तेवढा उघडा पडला. म्हणजे पांढरा दिसणारा ठिपका धड नव्हताच. हात लावला तर खडूसारखी भुकटी निघेल अशी त्याची गत. रंग दिसतो कसा यावर तो शाबूत आहे का हे ठरवू नये, हे मला एलडेफने शिकवलं. त्याच्याही आधी एका गेटने शिकवलं होतं, पण ते संध्याकाळी सांगतो.

सतरा नंबरची पट्टी रिकामी आहे. तिथे मी हौसेने एक पांढरा रंग लावला होता. झिंक ऑक्साइडची पूड आणि सोडियम सिलिकेट, ज्याला केमिकलच्या दुकानात वॉटर ग्लास म्हणतात. यानांवर वापरतात तो नावाजलेला पांढरा रंग याच जातीचा, फक्त सिलिकेट पोटॅशियमचं. त्यात कार्बनची राळच नाही, म्हणून करपायला काही नाही. माझी पट्टी सगळा उन्हाळा दुधासारखी पांढरी राहिली. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात धुऊन गेली. वर पाऊस नाही. प्रत्येक रंग आपल्या हवामानासाठी जन्माला येतो, दुसरीकडे त्याची काही प्रतिष्ठा नसते.

दुपारी २.००

जेवण. भाकर, आंब्याचं रायतं, कांदा. मग कूलरसमोर तासभर आडवा. शेडवरच्या टिनाचा कडकड आवाज घरापर्यंत येत नाही, पण तो ऐकू आल्यासारखा वाटतो. सहा मीटरचं पान पहाटेपासून दुपारपर्यंत चाळीस अंशांनी तापलं तर सुमारे तीन मिलिमीटर लांबतं. बोल्ट जागचा हलत नाही, म्हणून पान ओरडतं. आपल्याकडे हे दिवसातून एकदा. अवकाश स्थानक नव्वद मिनिटांत पृथ्वीला फेरी घालतं, म्हणजे दिवसाला सोळा वेळा उजाडतं आणि सोळा वेळा मावळतं. उघडा पृष्ठभाग उन्हात शंभराच्या वर जातो आणि सावलीत शून्याखाली शंभराच्याही खाली. धातू एका मापाने आकसतो, त्यावरचा थर दुसऱ्या मापाने. हबल दुर्बीण १९९० साली गेली. १९९७ च्या फेब्रुवारीत अंतराळवीर दुरुस्तीला पोचले तेव्हा तिच्या पांघरुणाचा टेफ्लॉनचा सगळ्यात वरचा थर तडकलेला होता. त्यांनी वर ठिगळं लावली. किरणांनी ठिसूळ केलं आणि गारठा-उकाड्याने तडकवलं, असं दोघांनी मिळून केलेलं काम ते.

३.३०

अमरावतीला निघालो, गुरुजी नावाच्या जुन्या गिऱ्हाइकाचं गेट बघायला. बोरगाव मंजू, मूर्तिजापूर, बडनेरा. शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. हा रस्ता आमच्या भागाचा अभिमान आहे. जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला आणि गिनीज बुकात नाव गेलं. मला तेव्हाही वाटलं होतं, आणि अजून वाटतं, की हेही कोटिंगच आहे. खालची माती नीट दाबली नसती तर वरच्या विक्रमाला अर्थ नव्हता. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. इथे रस्ता टिकवणं म्हणजे गंमत नव्हे.

रस्त्यावर ट्रक दिसले की मला गॅलिलिओ आठवतो. गुरू ग्रहाकडे निघालेलं यान. त्याची मोठी अँटेना छत्रीसारखी मिटलेली होती, १९९१ च्या एप्रिलमध्ये ती उघडायची होती. उघडली नाही. छत्रीच्या काही काड्या मधल्या खांबाला अडकून बसल्या. तपासात सर्वांत पटणारं कारण असं निघालं की त्या काड्यांच्या खुंट्यांवर कोरड्या वंगणाचा थर होता, आणि यान कॅलिफोर्निया ते फ्लोरिडा ट्रकने नेता-आणताना हादऱ्यांनी तो घासून निघाला. म्हणजे यान अवकाशात जाण्याआधीच त्याची कातडी रस्त्यावर सोलली गेली होती. शास्त्रज्ञांनी लहान अँटेनावर सगळं काम निभावलं, त्यांची कमाल आहे. पण मी तेव्हापासून एकही जॉब पत्र्याला पत्रा लागून गाडीत चढू देत नाही. मधे फोम पाहिजे, आणि दोरी जिथे आवळली तिथे पोत्याची घडी.

५.१५

अमरावती. गुरुजींचं घर एका जुन्या वस्तीत आहे, पश्चिमेला तोंड, समोर झाड नाही.

"ये बाबू, आधी पाणी घे," म्हणाले. "गेट कुठी पळून नाई जात."

या गेटसाठी मी दर उन्हाळ्यात येतो. धंद्याच्या तिसऱ्या वर्षी केलं होतं. तेव्हा मला मिठाची फार भीती बसली होती. कूलरचे तळ एपॉक्सी पावडरने छान टिकलेले बघितले होते, म्हणून सरळ हिशेब केला: गंजाला जे उत्तम ते गेटलाही उत्तम. गडद निळं, आरशासारखं गेट दिलं. दुसऱ्या उन्हाळ्यात गुरुजींचा फोन आला. तक्रारीचा सूर नव्हता त्यात. म्हणाले, एकदा येऊन बघून जा.

आलो. गेट निळं नव्हतं, राखाडी होतं. तळहात फिरवला तर पांढरा झाला, फळा पुसल्यावर होतो तसा. गुरुजींच्या सदऱ्याच्या बाहीवर, नातवाच्या शाळेच्या पँटवर, सगळीकडे ती पांढरी पूड लागत होती. एपॉक्सी गंजाला भक्कम असते, पण उन्हाला अजिबात उभी राहत नाही. तिची राळ अतिनील किरणांत वरवर मोडत जाते आणि आतला कण सुटतो. आमच्या धंद्यात याला चॉकिंग म्हणतात. हे कोणत्याही पुस्तकात पहिल्या पानावर असतं आणि मी वाचलेलं नव्हतं. चूक पूर्णपणे माझी. गेट उतरवून नेलं, सोललं, पुन्हा सातही टाक्यांतून काढलं, आणि बाहेरच्या उन्हासाठी असलेली प्युअर पॉलिस्टर मारून आणून बसवलं. गुरुजी पैसे द्यायला लागले, मी घेतले नाहीत. त्या रात्री मी पहिल्यांदा रंगांच्या मरणाबद्दल वाचायला बसलो. एलडेफ तिथे भेटला.

ती पॉलिस्टर मारल्याला आता नऊ वर्षं झाली. आज बोट फिरवलं. वरच्या पट्टीवर, जिथे दुपारचं ऊन सरळ पडतं, चकाकी उतरली आहे. अंगठ्याला किंचित निळसर, अगदी किंचित. चिकटपट्टीची परीक्षा केली. कोपऱ्यात, बिजागरीमागे, न दिसेल अशा जागी ब्लेडने बारीक चौकडी ओढायची, पट्टी दाबून लावायची आणि झटक्यात ओढायची. एकही चौकोन निघाला नाही. पकड शाबूत आहे. मी तिथे लगेच टच-अप लावला.

"अजून किती वर्सं?" गुरुजींनी विचारलं.

"पाच तरी. वरून फिका पडेल, पण गंज चढू देणार नाही."

"मंग आमच्या दोघाइले पुरते," म्हणाले. मला काही बोलता आलं नाही. चहा घेतला.

आता कूलरला मी दोन्ही देतो. आतल्या तळाला एपॉक्सी, बाहेरून पॉलिस्टर. खर्च वाढतो, भाव थोडा वर ठेवावा लागतो, काही गिऱ्हाइकं सोडून जातात. त्याला इलाज नाही.

संध्याकाळी ७.४०

परत येताना मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. आज अवकाश स्थानक दिसणार होतं, वेळ बघून ठेवली होती. पश्चिमेकडून एक ठिपका चढला. लुकलुक नाही, आवाज नाही, शुक्रासारखा तेजस्वी. चारशे किलोमीटरवरून चाललेली ती कातडी, तिच्या सोलर पंखांचं ऊन इथे अंधारात उभ्या माझ्या डोळ्यांत येत होतं. डोक्यावरून पूर्वेकडे कलला आणि मधेच मंदावत विझला. पृथ्वीच्या सावलीत शिरला होता. त्या क्षणी वर पत्रे आकसायला लागले असणार.

याच वेळेला, २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आम्ही सगळे शेडच्या गच्चीवर होतो. आकाशातून जळत्या ठिणग्यांची रांग सरकत गेली. अकोला, अमरावती, बुलडाणा, नागपूर, सगळ्या विदर्भाने ती पाहिली. टाकीवरचे काका हात जोडून उभे राहिले. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान पडलं म्हणालं. रात्री बातमी आली की चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं पडलंय, सुमारे तीन मीटर व्यासाचं. जवळच पवनपारला दाबाचा वायू साठवायच्या टाकीसारखा एक गोळा सापडला. अभ्यासकांनी माग काढला तो २०२१ च्या फेब्रुवारीत गेलेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटच्या वरच्या टप्प्याचा. इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीला आले.

माणसं वाचली, हे नशीब. त्या कड्याचे फोटो मी कितीतरी वेळ बघत होतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, म्हणजे आपल्या ओव्हनच्या तिप्पट-सव्वातिप्पट. सेकंदाला सात-आठ किलोमीटरने हवेत घुसणाऱ्या वस्तूपुढे ते काहीच नाही. तरी काही तुकडे उरतात आणि कुणाच्या तरी शिवारात येऊन पडतात. वर टिकावं म्हणून जिवाचं रान करायचं, आणि काम संपल्यावर खाली येताना मात्र पूर्ण जळून जावं अशीही रचना करायची, या दोन्ही गोष्टी द्रव्याकडून मागाव्या लागणार आहेत. ते अजून नीट जमलेलं नाही, आणि त्यात लाडबोरीच्या माणसांचा काही दोष नव्हता.

रात्री १०.००

दुसरी पाळी संपत आली होती. पोरगा थांबला होता.

"दादा, एक इचारू? चांद्रयानाले खरंच सोनं लावते का?"

विक्रम लँडरचा फोटो त्याच्या मोबाइलच्या पडद्यावर आहे, २३ ऑगस्ट २०२३ पासून बदललेला नाही. मी सांगितलं, ते सोनं नव्हे. पिवळसर पारदर्शक प्लास्टिक, आणि त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमचा मुलामा. खालची चांदी वरच्या पिवळ्यातून दिसते म्हणून सोन्यासारखं वाटतं. असे कितीतरी पातळ पदर एकावर एक, मधे जाळी, म्हणजे उष्णता पदरातून पदरात जाऊ नये. गोधडीच म्हण.

"गोधडी," तो हसला. मग खिशातून एक पट्टी काढली. तळहाताएवढी, निळी, आजच्याच खेपेतली. मधोमध सुईने टोचलेलं एक भोक.

"हे बी टांगू. मिठाचं पाणी रोज मी टाकीन. खालून कसं खाते ते पाह्याचं हाय."

गच्ची अजून गरम होती. टॉर्च त्याने धरला. मी सतरा नंबरची रिकामी जागा दाखवली. पट्टीच्या मागे त्याने खिळ्याने तारीख कोरली, आकडे वेडेवाकडे आले. अर्ध्या भागावर टोपण बसवलं, भोक उघड्या बाजूला ठेवलं आणि तार आवळली. खाली शेडचं टिन निवत होतं, एकेक पान कडकड वाजत होतं. वहीत सतरा नंबरसमोर मी नवी ओळ काढली, आणि नाव त्याचं त्याला लिहायला दिलं.